कळीची पिशवी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी सुग्रीवमास्तरांचं नाव घेतो. ऐकणारा लगेच समजूतदारपणे मान हलवतो. त्याच्या डोळ्यांपुढं फळा, खडू आणि पांढरा सदरा उभा राहतो. मग मला सांगावं लागतं की मास्तर शाळेतले नव्हते. ते टेलरमास्तर होते, आणि माझी त्यांची ओळख झाली तेव्हा ते टेलरही राहिले नव्हते. युसूफ वडगावात, स्टँडजवळच्या गाळ्यात, त्यांचं प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं दुकान होतं. अजून आहे.

मी त्या दुकानात पहिल्यांदा गेलो तो पिशवीसाठी नाही, एका कान्यासाठी.

माझं नाव भारत. पहिलीत नाव घालताना कुणाच्या तरी हातून त्यातला काना सुटला आणि मी भरत झालो. तो काना दहावीत सुटलेला राहिला, बारावीत सुटलेला राहिला, आणि बी.कॉम.च्या पदवीवरही सुटलेलाच आला. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, मी मागं चुलत्यांकडं राहून शिकायचो. त्यामुळं पदवीचा कागद घरी आला तेव्हा आईनं हात धुऊन, पदराला पुसून तो हातात घेतला आणि विचारलं, "ह्याच्यात तू कुठं हायेस?" मी बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं म्हणून बरं झालं. मी त्याच्यात नव्हतोच.

आधार कार्डावर भारत आणि पदवीवर भरत. जिथं अर्ज करावा तिथला माणूस दोन्ही कागद शेजारी ठेवायचा आणि विचारायचा, "हे दोघं कोण?" मग सांगायचा, "गॅझेट करून आणा."

अशात एका बाजारच्या दिवशी मला स्टँडजवळ पिवळ्या रंगातला बोर्ड दिसला : 'आमचे येथे सर्व प्रकारचे गॅझेट मिळतील.'

आत एक वाळकासा माणूस बसला होता. गळ्यात टेप, कानावर टेलरचा निळा खडू, चष्मा कपाळावर. समोर जुनं शिलाई मशीन होतं आणि त्याच्या फळीवर पिशव्यांचं तोंड चिकटवायचं यंत्र ठेवलेलं होतं.

"काय पायजे?"

"गॅझेट."

"केवढं?"

मला वाटलं, किती अक्षरांचा बदल आहे ते विचारतायत. म्हणालो, "लहानच हाय. एका कान्याचं."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "आत काय भरायचंय?"

"भारत."

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. "सगळा?"

"म्हंजी आता नुसता भरत हाय. त्याचा भारत करायचाय."

"तळाला पायजे का बाजूला?"

"मधी पायजे," मी म्हणालो. "भच्या म्होरं."

एवढं झाल्यावर त्यांनी टेप गळ्यातून काढला, परत घातला आणि म्हणाले, "तू बी कागदवालाच निघालास बे. बस."

झालं होतं असं. पिशवीच्या तळाला किंवा दोन्ही बाजूंना आत दुमडलेली घडी असते, माल भरला की ती उघडते आणि पिशवीला पोट येतं. कारखान्यातले लोक त्या घडीला गसेट म्हणतात. मास्तरांनी पेंटरला तेच लिहायला सांगितलं. पेंटर त्यांचा सख्खा मेव्हणा. तो म्हणाला, "दाजी, गसेट असं काय नसतंय. गॅझेट असतंय. मी सरकारी भिंती रंगविल्यात." आणि त्यानं भाषा सुधारून बोर्ड रंगवला. बोर्ड बदलावा तर मेव्हण्याचा अपमान, आणि त्याहून जास्त बायकोचा. त्यामुळं बोर्ड राहिला. रोज दोन-चार माणसं कागदांची भेंडोळी घेऊन दुकानात यायची. मास्तर त्यांना पलीकडच्या ऑनलाइनवाल्याकडं पाठवायचे, पण तसंच नाही. आधी ते नाव घालून बघायला लावायचे.

माझ्यासमोरच एक दगडू नावाचे पन्नाशीचे गृहस्थ आले. त्यांना दक्ष व्हायचं होतं. नातवाच्या वर्गात तीन दक्ष होते आणि त्यांना ते नाव फार आवडलं होतं. मास्तर म्हणाले, "रस्त्याकडं तोंड करून चालू लागा." ते चालू लागले. मास्तरांनी मागून हाक मारली, "दक्ष!" ते चालत राहिले. "दक्ष!" ते चालत राहिले. "अवो दक्षराव!" ते रसवंतीपर्यंत पोचले. मग मास्तर साध्या आवाजात म्हणाले, "दगडू." गृहस्थ जागच्या जागी वळले.

"बसत न्हाई," मास्तर म्हणाले. "काखंत धरतंय."

माझीही तशीच चाचणी झाली. भरत म्हटल्यावर मी वळलो नाही, भारत म्हटल्यावर वळलो. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तेव्हा माझं वजन अठ्ठेचाळीस किलो होतं.

"वळतंय खरं," ते म्हणाले, "पर लई सैल होतंय. एवढं मोठं नाव कुनी शिवलं रे?"

"वडलांनी ठेवलं."

"मग वाढत्या अंगाचं शिवलंय त्यांनी."

हे शब्द आमच्याकडच्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेले आहेत. शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आई टेलरला बजावते, वाढत्या अंगाचं शिवा. मग पाचवीतला शर्ट आठवीपर्यंत जातो. पाचवीत तो गुडघ्यावर असतो, आठवीत बेंबीवर, आणि मधल्या एका वर्षी, फार थोडे दिवस, तो बरोबर बसतो. मास्तरांनी अख्ख्या गावाचे असे शर्ट शिवले होते. पुढं लोक तयार कपडे आणायला लागले आणि मास्तरांकडं फक्त चेन बदलायची कामं उरली. "माणसं काय तीन मापाची असत्यात व्हय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. लहान, मधलं, थोरलं असं लिहिलेली चिठ्ठी कॉलरला दिसली की ते ती कात्रीनं कापून टाकायचे, माणूस अंगात शर्ट घालून उभा असला तरी.

मी उठायला लागलो तेव्हा त्यांची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली. पदवी, आधार कार्ड, दाखला, सगळं मी घरातल्या एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं.

"ही पिशवी कुनी दिली?"

"घरातली हाय."

त्यांनी कागद न बघता पिशवीचा कोपरा चिमटीत धरला, उजेडाकडं केला आणि तळातून पांढऱ्या चुऱ्याचा एक कण बोटावर घेतला. जिभेवर ठेवला. "कुरडई," ते म्हणाले. "मोडलेली. कावून मोडली?"

मग मी सांगितलं. आई आणि वस्तीवरच्या सहा बायकांनी मिळून उन्हाळ्यात कुरडया केल्या होत्या. पुण्यातल्या एका दुकानदार बाईंनी त्या मागवल्या. माल चांगला पोचला तर दर महिन्याला घेईन, म्हणाल्या. पहिल्यांदा आम्ही अशाच मोठ्या पिशव्यांत भरून पाठवल्या, त्यांचा चुरा झाला. दुसऱ्यांदा मी तालुक्याला जाऊन हवा काढून बंद करणाऱ्या यंत्रावर त्या भरून घेतल्या. यंत्रानं हवा ओढली तशी पिशवी आत आत गेली आणि कुरडया डोळ्यांदेखत मोडत गेल्या. तरी पाठवल्या. बाईंचा फोन आला, "शेवया छान आहेत हो. पण मी कुरडया मागवल्या होत्या." तिसऱ्यांदा एकदाच बघते, त्या म्हणाल्या.

पोळा जवळ आला होता. पोळ्याच्या पुढं-मागं मुकादम घरोघर फिरतो आणि यंदा कोयत्याला कोण कोण येणार ते ठरवून टाकतो. आईनं ठरवलं होतं, कुरडई पोचली तर यंदा जायचं नाही. सातही घरांचं तेच होतं.

मास्तरांनी सगळं ऐकलं. मग फक्त एवढंच म्हणाले, "माल बघितल्याबिगर पिशवी सांगता येत न्हाई. उद्या येतो."

हा त्यांचा नियमच होता. दुकानात येऊन कुणी म्हणालं, मास्तर अमुक पिशव्या द्या, तर ते देत नसत. आधी माल आणायला लावत. चटणी, पेंड, वाती, बियाणं, जे असेल ते मशीनच्या फळीवर ठेवत आणि तीन प्रश्न विचारत. बसतो, निजतो का उभा राहतो? दम घेतो का? टोचतो का? हे प्रश्न ते मालाच्या मालकाला विचारत, पण बघत मालाकडं. मिरचीवाल्याला त्यांनी सांगितलं होतं, "तुझी मिरची अजून दम घेतीय, वाळू दे आधी. आत्ता तोंड बांधलं तर आतल्या आत रडंल." हातात धरायच्या बंदांच्या पिशव्या ते ठेवत नसत. प्लॅस्टिकबंदी यायच्या आधीपासून नाही. "ती पिशवी न्हवं," म्हणत, "ती बिनबाह्यांची बनियन."

पिशव्यांना त्यांनी आपली नावं दिली होती. झिपलॉकची ती चेनची. हवा काढलेली ती पोट आवळलेली. तळाला घडी असलेली, टेबलावर आपली आपण राहणारी, ती उभी. आणि बाजूला घडी असलेली ती कळीची. पायजम्याला टेलर जी कळी लावतात, बसताना कापड फाटू नये म्हणून, तीच ही, असं त्यांचं म्हणणं. "गसेट म्हन, न्हाईतर गॅझेट म्हन. हाय ती कळी. कळी असली म्हंजी माल मांडी घालून बसतो."

या कळीवरून त्यांनी एका पुढाऱ्याशीही वाकडं घेतलं होतं. दिवाळीला मतदारांच्या घरी चिवडा वाटायचा होता आणि पिशवीवर पुढाऱ्यांचा फोटो हवा होता. कार्यकर्ते म्हणाले, चारी बाजूंनी. मास्तर म्हणाले, पुढं-मागं छापा, कळीवर माणसाचं तोंड छापत नसतात. ऐकलं नाही. पिशव्या छापून आल्या. रिकामी असताना कळी आत जायची आणि कळीवरच्या साहेबांचं नाक घडीत गडप व्हायचं. चिवडा भरला की नाक बाहेर यायचं, पण दोन्ही गाल फुगायचे. कार्यकर्ते रागानं दुकानात आले. "साहेब नाक मुरडल्यावानी दिसायलेत!"

"रिकामे हायेत तवर दिसनार," मास्तर म्हणाले. "भरा की."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या वस्तीवर सायकल हाणत आले. डब्यातल्या कुरडया त्यांनी घोंगडीवर काढून घेतल्या आणि गळ्यातला टेप काढून एकेकीचं माप घ्यायला लागले. रुंदी, उंची, घेर. खडूनं जमिनीवर लिहीत होते. सात बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या.

आईचं नाव प्रयाग. तिनं बराच वेळ धीर धरला. मग म्हणाली, "मास्तर, छाती किती भरली?"

"हसू नगा वैनी. ह्या समद्या येगळ्या हायेत. ही सहा इंच, ही सात, ही साडेपाच. एकीचं दुसरीला येत न्हाई."

"सात हातांच्या हायेत. येगळ्याच असनार."

"मग एका मापाच्या करायला पायजे हुत्या."

"आता केल्यात त्या काय भिजवून परत घालू? तुमची पिशवी मोठी आना."

"मोठीनंच तर मोडल्या! सैल पिशवीत माल नाचतोय. मान्साला वाढत्या अंगाचं चालतंय. मालाला न्हाई चालत. माल वाढतो का?"

"मग करा बारकी."

"बारकीत सात इंची जात न्हाई."

"तर मग काय परत्येकीला येगळी पिशवी शिवता?" आईचा आवाज चढला. "कुरडई हाय ती मास्तर, नवरी न्हाई! लहान, मधली, थोरली अशा तीन ढिगांत घाला की. बाजारात कापडं मिळत्यात तशी!"

बायका हसल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी टेपची हळूहळू गुंडाळी केली, खिशात घातली, सायकलला पाय मारला आणि निघून गेले. त्यांना काय लागलं ते आईला कळलं नाही. मला कळलं. जन्मभर ते ज्या तीन मापांशी भांडले, तीच तीन मापं तिनं त्यांच्यापुढं टाकली होती.

दोन दिवस दुकान उघडं होतं पण मास्तर कुणाशी बोलत नव्हते, असं मेव्हण्याकडून कळलं. गॅझेटसाठी आलेल्या एका बाईला त्यांनी नाव घालून न बघताच पुढं पाठवलं. बाई हिरमुसल्या.

तिसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा वस्तीवर आले. सायकलला तीन गठ्ठे होते. त्यांनी ते आईपुढं ठेवले. कळीच्या पिशव्या, तीन मापांच्या. प्रत्येक गठ्ठ्यावर निळ्या खडूनं, स्वतःच्या हातानं लिहिलेलं : लहान, मधली, थोरली.

"वैनी," ते म्हणाले, "हे फकस्त कुरडईसाठी. मान्साचं मी अजून मान्य केलेलं न्हाई."

मग त्यांनी भरून दाखवलं. तळाला पुठ्ठ्याची गोल चकती. तिच्यावर एकावर एक कुरडया, मधे मधे कागद. कळी उघडली तशी पिशवीची चौकोनी पेटीच झाली आणि कुरडया तीत मांडी घालून बसल्या. तोंड चिकटवायच्या आधी त्यांनी ओठ लावून आत थोडी फुंकर घालायचा आव आणला, मग आईकडं बघून थांबले आणि हातानं पिशवी हलकी फुगवून घेतली. "थोडी हवा राहू द्या. ती तिची गादी."

आता पाठवायच्या, असं आम्हाला वाटलं. मास्तर म्हणाले, "तालीम कोन करनार?"

म्हणून मी आणि मास्तर एसटीनं आष्टीला निघालो. आष्टीत काही काम नव्हतं. लांबची गाडी म्हणून ती निवडली होती. बरोबर चार पिशव्या : एक साधी, एक चेनची, एक पोट आवळलेली आणि एक कळीची. चौघींतही सारख्याच कुरडया. मास्तरांनी सगळ्यात मागचं बाकडं धरलं, कारण गाडी तिथंच जास्त उडते, आणि चौघींना ओळीनं सीटवर बसवलं.

कंडक्टर आला. "हे काय?"

"परीक्षा चालूय," मास्तर म्हणाले.

"मांडीवर घ्या."

"मांडीवर घेतल्यावर परीक्षा कसली? तुमी नापास पोराला मांडीवर घेऊन पास करता का?"

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी ग्रॅज्युएट असल्याचं त्याला सांगावं की काय, असं क्षणभर वाटलं. पण त्याचा उपयोग झाला नसता. तो पुढं गेला.

खड्डा आला की मास्तर डोळे मिटत आणि कान देत. "ऐक. चेनची मोडली." पुढचा खड्डा. "परत तीच. तिला आत जागा लई हाय." वाटेत एक पैलवानी गडी चढला, "सरका" म्हणाला, आणि आम्ही सरकायच्या आत साध्या पिशवीवर बसला. कुरकुर असा मोठा आवाज झाला. तो दचकून उठला.  मास्तरांनी खिशातला कागद काढून लिहिलं, 'साधी : आजारी पडल्यामुळे गैरहजर.'

आष्टीला चहा प्यालो आणि त्याच गाडीनं परत निघालो. संध्याकाळी स्टँडवर उतरल्यावर मास्तरांनी दुकानाच्या फळीवर पिशव्या फोडल्या. पोट आवळलेलीत पीठ होतं. चेनचीत तुकडे. कळीची फोडली आणि त्यांनी एकेक कुरडई दोन्ही हातांनी उचलून ठेवली. सगळ्या अख्ख्या होत्या. आजूबाजूचे दुकानदार बघायला आले. मेव्हण्यानं चेनचीतले तुकडे तळून आणले आणि आम्ही नापास झालेला माल खाल्ला.

तिसरं पार्सल गेलं.

फोन आला तो पोळ्याच्या दोन दिवस आधी, दुपारी. ओसरीवर मुकादम बसला होता, चहाची बशी हातात. मास्तर पण होते. ते रोजच यायचे, पण कुणी विचारलं तर सांगायचे, सायकलची हवा बघायला आलो. आई उंबऱ्याशी होती. मुकादम म्हणत होता, "वैनी, व्हय का न्हाई ते सांगा. म्होरल्या वस्तीला जायचंय." वडील आईकडं बघत होते. आई माझ्या फोनकडं.

पुण्याच्या बाई म्हणाल्या, "मिळालं पार्सल. सगळ्या शाबूत आहेत. एक तेवढी मोडली."

मी मोठ्यानं सांगितलं, "समद्या नीट पोचल्या. एकच मोडली."

आईनं पदर खोचला. मुकादमाला म्हणाली, "यंदा न्हाई." आणि आत गेली. आतून कितीतरी वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. घासायला भांडी नव्हती, मला माहीत होतं.

मास्तर मात्र ओसरीवरच होते आणि माझा हात धरून विचारत होते, "इचार की. वरली मोडली का खालची?"

पुढचं थोडक्यात सांगतो. आई-वडील परत ऊसतोडीला गेले नाहीत. मला पुण्याजवळ पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "एखाद्या वस्तूला कोणती पिशवी योग्य हे तुम्ही कसं ठरवाल?" मला इंग्रजी सुचेना. मी म्हणालो, "आधी वस्तू बसते, निजते का उभी राहते ते बघेन. मग ती दम घेते का. मग टोचते का." साहेबांनी पेन खाली ठेवलं. नावातला काना तुम्ही सवडीनं दुरुस्त करून आणा, पण आधी कामावर या, म्हणाले.

मी निघालो त्या सकाळी मास्तर स्टँडवर आले होते. गाडी लागली होती. हातात कागद दोनच, एक पदवी आणि एक नेमणुकीचं पत्र, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मास्तरांनी ते माझ्या हातातून घेतले, सदऱ्याच्या आतून एक पिशवी काढली आणि कागद तीत घातले. चांगली जाड पिशवी, कळीची. पण मोठी. दोन कागद तीत इकडून तिकडं सरकत होते.

मला खरंच वाटलं, त्यांचं माप चुकलं. मी म्हणालो, "मास्तर, लई सैल हाय. माल नाचतोय."

ते पिशवीचं तोंड दुमडत होते. वर न बघता म्हणाले, "असू दे."

गाडी हलली तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं. ते बोर्डाखाली उभे होते, गळ्यात टेप. हात करत नव्हते. मान तिरकी करून, डोळे बारीक करून, जाणाऱ्या गाडीकडं बघत होते. गिऱ्हाईक शिवलेला शर्ट घालून दुकानाबाहेर पडतं तेव्हा टेलर पाठीमागून खांदे बघतो, तसे.

तोंडावर मला त्यांच्याशी कधी नीट बोलता आलं नाही. म्हणून गेल्या महिन्यात पत्र लिहिलं. ते असं :

तीर्थस्वरूप सुग्रीवमास्तरांना साष्टांग नमस्कार.

या पत्राला कोणती पिशवी, हे ठरवायला मला दोन दिवस लागले. पत्र निजतं, दम घेत नाही, टोचत नाही. म्हणून साधीच घेतली आहे. बेतानं कापून घेतली आहे. नाचणार नाही. फोडताना बघावं.

गॅझेट झालं. ऑनलाइनवाल्यानं विचारलं, आधार बदलायचं का पदवी, तुम्हाला कोणतं सोपं वाटतं? सोपं भरतच होतं. मी त्याच्या दुकानात पाठ करून उभा राहिलो आणि त्याला मागून दोन्ही नावांनी हाक मारायला लावली. त्याला वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे. काना ठेवला आहे.

तुम्ही दिलेली पिशवी माझ्याकडं आहे. तिच्यात आता पदवी आहे, नेमणुकीचं पत्र आहे, गॅझेट आहे, आणि आईच्या कुरडईगटाला मिळालेल्या परवान्याची प्रत आहे. त्या प्रतीवर आईची सही आहे. अंगठा नाही, सही. गेल्या आठवड्यात माझ्या मुलीचा जन्मदाखला त्यात ठेवला. नाव अजून ठरायचं आहे. तुम्ही इकडं याल तेव्हा हाक मारून बघा. पिशवीत अजून जागा आहे.

पुण्याच्या बाईंना मी विचारलं होतं. खालची मोडली होती, पुठ्ठ्याला लागून असलेली. हे तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं.

बोर्ड बदलू नये ही विनंती.

परवा कारखान्यात मला मागून कुणीतरी हाक मारली. पहिल्याच हाकेला वळलो. पण मास्तर, खांद्यात अजून थोडं सैलच होतंय.

आपला,
भारत